शेखांच्या घशात बसलेला माणूस

"दसूकीकाका, तुम्ही माझ्या आजोबांच्या घशात बसलाय. आधी तिथून बाहेर या!"

सकाळी दार उघडलं तर समोर राविया. काखेत लॅपटॉप, डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल, आणि चेहऱ्यावर राग की हसू ते कळेना. राविया म्हणजे आमच्या शेख फर्गलींची नात. वरच्या इजिप्तातल्या आमच्या तहत्यात मुलींच्या शाळेत तत्त्वज्ञान शिकवते. तिचा पहिला दात पडला तो माझ्या अंगणात, त्यामुळे मला काहीही बोलायची तिला मुभा आहे.

"अगं आत तर ये. काकू भाकरी शेकतेय."

"भाकरी नंतर. आधी हे ऐका."

तिने लॅपटॉप उंबऱ्यावरच ठेवला, एक कळ दाबली, आणि मी दाराची चौकट धरली.

शेख फर्गली गात होते.

सात महिने झाले होते तो आवाज ऐकून. रमझाननंतर सोहागच्या डॉक्टरांनी त्यांच्या गळ्यातली गाठ काढली, आणि गाठीबरोबर आवाजही नेला. चाळीस वर्षं ज्या आवाजाने आमच्या जिल्ह्यात प्रेषिताची स्तुती गायली, गाता गाता उपदेश केला, भांडलेले भाऊ मांडीला मांडी लावून बसवले, त्या आवाजाच्या जागी आता एक भोक आणि त्यावर पांढरा रुमाल. शेखांना आम्ही मौलाना म्हणतो; ते आता पाटीवर लिहून बोलायचे. आणि आता माझ्या उंबऱ्यावर तोच आवाज, तोच खर्ज, शेवटी जरा फाटणारा, ओल्या लाकडासारखा:

"विहीर माझ्या अंगणात, आणि मी गावभर तहान वाटत फिरलो..."

ही ओळ मी कधी ऐकली नव्हती. कुणीच ऐकली नव्हती. मी तोंड उघडणार, इतक्यात लॅपटॉपमधूनच कुणीतरी बोंबललं:

"अल्लाह! अल्लाह! पुन्हा, मौलाना, पुन्हा!"

तो मी होतो.

आतून माझी बायको उम्म हाशिम ओरडली, "अहो, सकाळी सकाळी कुणावर खेकसताय?"

"मी नाही गं!"

"मग कोण, मी?"

लॅपटॉपमधल्या शेखांनी ओळ पुन्हा गायली. लॅपटॉपमधला मी पुन्हा ओरडलो. शेखांनी तिसऱ्यांदा गायली. मी तिसऱ्यांदा ओरडलो. राविया हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होती.

"हे असंच चालतं," ती म्हणाली. "मी चहा करून आले, तरी चालूच. अंघोळ करून आले, तरी पहिलीच ओळ. सोळा ओळींचं काव्य आहे काका, आणि तुम्ही त्यांना दुसरीवर जाऊच देत नाही."

आता हे कसं झालं ते सांगतो, म्हणजे दोष कुणाचा ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी मायक्रोबसच्या थांब्यावर माणसं हाकारायचो. "सोहाग, सोहाग, एकच जागा!" जागा सहा असल्या तरी एकच म्हणायचं. घसा त्या कामाने दिला, पण तो वापरला मी शेखांच्या बैठकीत. आमच्याकडे शिरस्ता असा, की गाणाऱ्याने ओळ म्हटली की पहिली हाक एका ठरलेल्या माणसाची. त्याने "अल्लाह" म्हटल्याशिवाय दुसरा कुणी तोंड उघडत नाही. हाक पडली की गाणारा ओळ पुन्हा घेतो, नव्या वळणाने. पुन्हा हाक, पुन्हा ओळ. कधी एका ओळीवर अर्धा तास जातो. आणि हाक पडली नाही, तर गाणाऱ्याने समजायचं की ओळ कुणाच्या काळजापर्यंत गेली नाही.

तहत्यात पहिली हाक माझी. ही जागा मला कुणी दिली नाही. तरुणपणी एकदा आतून निघाली ती निघाली, त्या दिवसापासून शेख ओळ संपवून माझ्याकडे बघायला लागले. आणि पुढेच बसतोय म्हणून टेप-रेकॉर्डरही मीच मांडीवर घ्यायचो. दोनशे अकरा टेपा मी भरल्या. त्या दोनशे अकरा टेपांत शेख दहा हातांवर आहेत, आणि मी एका वितीवर.

"यंत्राला मी त्याच टेपा ऐकवल्या," राविया म्हणाली. "ऐकून ऐकून ते आवाज शिकतं, चाल शिकतं, आणि मग नवं काव्य दिलं की त्याच आवाजात गातं. पण त्याला कोण सांगणार की यातला एक शेख आणि एक मायक्रोबसवाला? त्याच्या लेखी शेख फर्गली म्हणजे एक ओळ गाणारा आणि मग स्वतःवरच खूश होऊन ओरडणारा माणूस!"

भाकऱ्या घेऊन आलेली उम्म हाशिम दारातच मटकन बसली आणि पदरात तोंड घालून हसायला लागली. "चाळीस वर्षं सांगतेय, जरा हळू ओरडा. ऐकलंत?"

मी हसलो नाही, कारण मला अट माहीत होती.

ते काव्य मौलानांनी इस्पितळात लिहिलं होतं. तरुण गायक मागायला आले, तर पाटीवर लिहिलं: "हे माझ्या श्वासाच्या मापाने शिवलंय, तुम्हाला काखेत घट्ट होईल." मग रावियाने यंत्राची गोष्ट काढली. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि लिहिलं: "दर्ग्यातल्या सीदी उवैदातांच्या उरुसाला, तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजेनंतर, माझ्या अंगणात, सगळ्यांसमोर ऐकेन. त्यात मला मी सापडलो, तर काव्य तुमचं. नाही सापडलो, तर कागद कालव्यात." दुसरी प्रत नव्हती. रावियालाही त्यांनी समोर बसवून यंत्रात घालायला लावलं होतं, आणि उरूस झाला की पुसेन असं वचन घेतलं होतं. उरूस परवावर आला होता.

"काका, तुम्ही नसलेली एक तरी टेप द्या," राविया म्हणाली. आता तिचा आवाज उतरला होता. "एक तरी."

माझ्याकडे नव्हती. मी कधी बैठक चुकवलीच नव्हती. फक्त हजला गेलो ते वर्ष सोडलं तर.

आम्ही धावतच शनूदाच्या दुकानात गेलो.

शनूदा बाजारात चर्चच्या बोळाच्या तोंडाशी बसतो. पूर्वी टेपा भरून द्यायचा, आता मोबाईलच्या काचा बदलतो. माणूस ख्रिस्ती, पण शेखांचा असा वेडा, की स्वतःच्या लेकीच्या लग्नातही त्याने त्यांनाच बोलावलं होतं, आणि त्यांनी मरियमची स्तुती गाऊन त्याच्या सगळ्या पाव्हण्यांना रडवलं होतं.

"आले बघा, दोन शेख एका अंगात!" शनूदा ओरडला. राविया आधीच त्याला सांगून गेली होती म्हणायची.

"शनूदा, थट्टा नको. मी मक्केला होतो त्या उरुसाची टेप तू भरली होतीस ना?"

त्याने हातातली काच खाली ठेवली. मग शिडी लावून वर चढला. वरच्या खोक्यात शोधता शोधताच रावियाला विचारलं, "बाई, तुम्ही तत्त्वज्ञानवाल्या. मला एक सांगा. यंत्राने गायलं तर ते शेख झाले का?"

"मी पोरींना वर्गात मालिकेतून समजावते," राविया म्हणाली. "रमझानमध्ये रोज लागणारी ती ऊसवाल्या जमीनदाराची मालिका आठवते? पहिल्या रमझानमध्ये बापाचं काम करणारा नट वारला. पुढच्या रमझानला दुसरा आणला. पहिल्या दिवशी अख्ख्या गल्लीने शिव्या घातल्या."

"मी पण घातल्या."

"आणि विसाव्या दिवशी बाप आजारी पडला तेव्हा?"

शनूदा शिडीवर थांबला. "रडलो की."

"कुणासाठी रडलात? चेहरा दुसरा, आवाज दुसरा. मग बाप कशात होता?"

"लेकरांत," मी म्हणालो. "लेकरं तीच होती. ती त्याला बाबा म्हणत होती."

राविया वळून माझ्याकडे बघत राहिली. "काका, हे माझ्या पोरींना सुचायला दोन तास लागले."

"उगाच चढवू नकोस त्याला, पुन्हा ओरडेल," शनूदा वरून म्हणाला. "माझं ऐका. सोळाव्या वर्षी मी एका सिनेमातल्या नटीच्या प्रेमात पडलो, तिच्या गाण्यामुळे. अकरा वेळा बघितला. मग कळलं, गायलेली दुसरीच, ही नुसते ओठ हलवत होती. आता मी प्रेम केलं कुणावर? ओठांवर की गळ्यावर? बायकोला विचारलं तर ती म्हणते, मूर्खपणावर. सापडली!"

टेप लावली. शेखांचा आवाज आला, भरदार, ऐन उमेदीतला. एक ओळ. मग अर्धा श्वास थांबले. कुणी हाक दिली नाही. दुसरी ओळ. पुन्हा अर्धा श्वास. पुन्हा शांतता. जागा माझी म्हणून कुणी ती घेतली नव्हती. एरवी दोन तास चालणारी बैठक बारा-तेरा मिनिटांत संपली.

"उतरल्यावर मला म्हणाले, शनूदा, आज भिंतीसमोर गायलो," शनूदा टेपेकडे बघत म्हणाला. "तुला सांगितलं नाही. हज करून आलेल्या माणसाला कशाला टोचणी लावायची?"

मी ती टेप बाहेर काढून हातात धरली. राविया मात्र उड्या मारायच्या बेतात होती. "निव्वळ आवाज! काका, या एका टेपेवरून यंत्राला कळेल निव्वळ शेख कोणता. मग बाकीच्या दोनशे अकरांतून तुम्हाला वजा करता येईल!"

वजा! शब्द ऐकून कसंसंच झालं, पण कामाचा होता. मी म्हणालो, "कर बाई वजा. अल्लाह तुला यश देवो."

गुरुवारी असरनंतर शेखांचं अंगण भरून गेलं. सतरंज्या, करकदेच्या फुलांच्या सरबताचे लाल पेले, भिंतीवर बसलेल्या बायका, दर्ग्यावरून ढोल ऐकू येत होते. मौलाना बाकावर बसले होते, पांढरा फेटा, गळ्याला रुमाल, मांडीवर पाटी. वाळले होते. मी हाताचं चुंबन घेतलं तेव्हा त्यांनी माझा कान पिळला, आणि लिहिलं: "कळलं मला. माझ्या घशात राहतोस आणि भाडं नाही."

अंगण हसलं. मला वाटलं, आज सगळं नीट होणार.

रावियाने कर्णा जोडला. बिस्मिल्ला म्हणून कळ दाबली.

स्वच्छ! नुसता त्यांचाच आवाज. विहीर माझ्या अंगणात. मग लगेच दुसरी ओळ. मग तिसरी. एक सूर हुकला नाही. मी हाकेसाठी तोंड उघडलं आणि पुढची ओळ आली. पुन्हा उघडलं, तर त्याच्या पुढची. हाक घालायला फटच नव्हती. मी माशासारखा उघडमीट करत राहिलो आणि चार मिनिटांत सोळा ओळी संपल्या.

कुणी हललं नाही. एका म्हाताऱ्याने फक्त खाकरून घेतलं.

मौलानांनी पाटी पुसली, हळूहळू लिहिलं, आणि रावियाकडे वळवली. तिने वाचलं आणि पाटी उलटी छातीशी धरली.

"वाचा, बाई," शनूदा म्हणाला.

"हा माणूस कोण? चांगला गातो."

आणि मौलानांनी खिशात हात घातला. घडी केलेला कागद बाहेर आला. कालवा दारासमोरच होता, वीस पावलांवर. ते बाकाचा दांडा धरून उठायला लागले. आमचे शेख दिलेल्या शब्दाला किती पक्के ते सगळ्यांना माहीत होतं. कुणाची अडवायची छाती होईना.

"आजोबा, थांबा!" राविया ओरडली. "आणखी एक आहे. पहिलं. बिघडलेलं."

"ते नको गं," मी म्हणालो. लाज वाटली मला.

पण तिने लावलंच. विहीर माझ्या अंगणात. आणि कर्ण्यातून माझी बोंब: "अल्लाह! पुन्हा, मौलाना, पुन्हा!" अंगणातल्या दीडशे माना माझ्याकडे वळल्या. मी दोन्ही हात वर करून दाखवले, मी नाही! पुन्हा ओळ. पुन्हा बोंब. भिंतीवरच्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या. चौथ्या वेळी पोरं कर्ण्यातल्या माझ्यासोबत ओरडायला लागली. मौलानांचे खांदे हलत होते. आवाज नाही, पण ते हसत होते. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांना मी हसताना पाहिलं. ते परत खाली बसले.

सहावी वेळ, सातवी वेळ. आणि मग मला ते दिसलं.

त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून उचलला गेला होता. तळवा आडवा, बोटं जरा पुढे. चाळीस वर्षं बासरीवाला आणि डफवाला त्या हाताकडे बघून वाजवायचे. तळवा आडवा म्हणजे पुरे, आता पुढची. यंत्राने हात बघितला नाही. त्याने पहिलीच ओळ घेतली. हात पुन्हा उचलला गेला, जरा चिडून.

"राविया," मी म्हणालो, "हात! हात बघ त्यांचा!"

तिने बघितलं. पोरगी हुशार, एका झटक्यात यंत्र थांबवलं, लॅपटॉप उचलला आणि आजोबांच्या पायाशी जमिनीवर येऊन बसली, जिथे बासरीवाला बसायचा तिथे. बोटं कळांवर, डोळे त्यांच्या हातावर.

"आता निव्वळ आवाजच लावते," ती हळूच म्हणाली. "पण एकेक ओळ. तुम्ही सांगाल तशी. पुन्हा म्हणालात तर पुन्हा, दर वेळी नवं वळण घेईल ते. पुढे म्हणालात तर पुढे."

मौलाना तिच्याकडे बघत राहिले. मग हात हवेत धरला, आणि खाली आणला.

विहीर माझ्या अंगणात, आणि मी गावभर तहान वाटत फिरलो.

आणि शांतता. आता फट होती, चांगली हातभर. सगळे माझ्याकडे बघत होते. मौलानाही. पहिली हाक माझी.

आणि माझ्या घशातून काही निघेना! दोन दिवस माझी बोंब मी लॅपटॉपमधून ऐकत होतो. आता तोंडाशी आलेली हाक त्याच बोंबेसारखी खोटी वाटायला लागली. मी म्हटलं, या अल्लाह, आज नको रे असा रुसू.  मौलानांचा हात हवेत तसाच. कुणी माझ्या जागी ओरडलं नाही, ओरडणारही नव्हतं. मला ती टेप आठवली, तो अर्धा श्वास. भिंतीसमोर गायलो.

हात जरा खाली आला, जड होऊन. तळवा आडवा झाला. पुढची.

"ज्याने दोर दिला, त्यालाच विचारत होतो, पाणी कुठं?"

माणूस इस्पितळात पडलाय. गळा कापलेला. आवाज देणाऱ्याने आवाज परत घेतलाय. आणि तो तक्रार करत नाही, तर स्वतःला हसतोय, की दोर माझ्या हातातच होता आणि मी विचारत काय होतो! चार मिनिटांच्या त्या गाण्यात ही ओळ माझ्या कानावरून वाऱ्यासारखी गेली होती. आता ती येऊन छातीवर बसली. कधी उठलो मला कळलं नाही. कसा ओरडलो तेही नाही. उम्म हाशिम नंतर म्हणाली की दर्ग्यावरचे ढोल थांबले होते.

"अल्लाह!"

आणि अंगण फुटलं. "अल्लाह! पुन्हा, मौलाना! प्रेषिताची शपथ, पुन्हा!" शनूदा दोन्ही मुठी डोक्यावर आपटत होता. मौलानांचे डोळे पेटले. हात गरकन फिरला आणि रावियाने कळ दाबली, आणि आवाजाने ती ओळ खालून उचलली, कधीच न ऐकलेल्या वळणाने. मी ओरडलो, हात वर गेला, आवाज वर गेला. हाताला दिसत होतं कोण रडतंय, कोण अजून कोरडा बसलाय. हात त्या कोरड्याकडे वळायचा आणि ओळ पुन्हा त्याच्यासाठी यायची. रावियाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तिला पुसायला हात रिकामा नव्हता. ती दुसरी ओळ आम्ही तेवीस वेळा ऐकली. शनूदाने मोजलं, तो असल्या गोष्टी मोजतो.

तिसरी ओळ: घागर फुटली तेव्हा कळलं, भरलेली होती. ही नऊ वेळा. चौथीवर सूर्य बुडाला, मगरिबची बांग झाली आणि हात आपोआप खाली आला.

नमाज झाली. पेले पुन्हा भरले. आणि लगेच वाद सुरू, कारण आमच्या गावात कुठली गोष्ट वादाशिवाय पचत नाही.

"शेख गायले," मी म्हणालो.

"यंत्र गायलं, शेखांनी हाकललं," शनूदा म्हणाला. "गाडी आणि गाडीवान."

"गाडीवान म्हणजे मी," राविया म्हणाली. "आजोबा रस्ता."

"आणि हे?" उम्म हाशिमने माझ्याकडे बोट केलं.

"हा भोंगा!" शनूदा म्हणाला.

मौलाना आमच्याकडे बघत नव्हते. कागद अजून त्यांच्या मुठीत होता, घामाने ओला. कपाळाला आठ्या. एकदा मनातल्या मनात हात हलवून काहीतरी पुन्हा करून पाहिलं, मान हलवली, नाराज झाले.  त्यांनी पाटी ओढली, लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि रावियापुढे सरकवली.

तिने वाचलं. मग मोठ्याने वाचलं.

"तिसऱ्या ओळीत मी घाई केली."

मौलानांनी 'मी' लिहिलं होतं, आणि कालव्याकडे बघितलंही नव्हतं. राविया लॅपटॉप उघडतच होती. "कुठल्या शब्दावर, आजोबा?"